डब्याखाली काही ठेवू नकोस

पत्र :

मावशी, सलाम.

माझं वय ४३. माहेर नगर जिल्ह्यातलं, सासर पुण्याचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही हडपसरच्या बाजूला नव्या सोसायटीत राहायला आलो. आमच्या मजल्यावर ख्रिस्ती घर आमचं एकटंच. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि गेल्या वर्षी पडून खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई.

महिन्यापूर्वी समोरच्या काकांना अचानक दवाखान्यात हलवावं लागलं. काकू दिवसभर तिकडे, घरी दोन मुलं. मी चार दिवस संध्याकाळचा डबा दिला. पाचव्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'जपून बरं का, यांचं असंच असतं. आधी डबा, मग पुस्तक, मग प्रार्थना.' खाली दोघातिघांनी हसण्याची चिन्हं टाकली. काकूंनी काहीच लिहिलं नाही. मी डबा बंद केला. माझा स्टीलचा डबा अजून त्यांच्याकडेच आहे.

मग रविवारी महिला मंडळात मन मोकळं केलं, तर एक ज्येष्ठ बहीण म्हणाल्या, 'चार दिवस डबा दिलास, पण साक्ष दिलीस का, येशूबद्दल काही बोललीस का? नुसतं जेवण तर कुणीही देतं.' बाहेरच्यांना वाटतं मी डब्यातून धर्म वाढते, आणि आतले विचारतात, वाढला का नाहीस?

आणखी एक, जे कुणालाच सांगितलं नाही. ज्या संध्याकाळी मी समोर हसतमुखानं डबा देऊन आले, त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिसऱ्यांदा चहा मागितला म्हणून त्यांच्यावर खेकसले. मग माझा चांगुलपणा खरा कोणता? साधं चांगलं वागणं ही श्रद्धा असते, की तो नुसता स्वभाव?

– एक भगिनी

उत्तर :

सलाम. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात तीन दुखणी आहेत आणि तू ती एकाच गाठोड्यात बांधून पाठवलीस. एकेक सोडून बघू.

आधी मंडळातल्या बहिणींचं बोलणं घेते, कारण ग्रुपवरच्या टोमण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. 'नुसतं जेवण.' याईराच्या मुलीची गोष्ट तू शब्बाथशाळेत किती वेळा ऐकली असशील. बारा वर्षांची पोर गेलेली, दारात रडारड. येशू म्हणाला ती झोपली आहे, तेव्हा जमलेले लोक त्याला हसले; मार्कानं आपल्या शुभवर्तमानात ते हसणंही लिहून ठेवलंय. मग तो आत गेला, तिचा हात धरला, 'मुली, ऊठ' म्हणाला आणि ती उठून चालू लागली. आईबाप थक्क, शिष्य थक्क. आता पुढचं वाक्य आठव. हिला खायला द्या. तो सगळा प्रसंग मार्कानं या वाक्यावर संपवलाय. आईबापांना आनंदानं भान उरलं नव्हतं. पोरीच्या पोटात कधीपासून काही नाही, हे त्याच्या ध्यानात होतं.

येशूच्या पुनरुत्थानानंतरही तेच. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परतत होते, आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे ठेवलेले, शेजारी भाकर. 'या, न्याहारी करा.' पेत्राशी किती मोठं बोलायचं होतं त्याला! तीनदा येशूला नाकारलं होतं पेत्रानं. पण योहान सांगतो की ते बोलणं न्याहारी झाल्यावर झालं. ओल्या कपड्यांनी कुडकुडणाऱ्या माणसाला प्रभूनं आधी शेकोटीजवळ बसवलं, खाऊ घातलं. जेवणाच्या मागे 'नुसतं' हा शब्द लावायला माझी तरी जीभ वळत नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मला वाटतं एका आयाबाईंचं काम उत्तर देईल, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. मी ३४ वर्षं परिचारिका होते. नोकरीची सुरुवातीची वर्षं एका मिशन दवाखान्यात गेली. तिथे पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळीला एक आयाबाई असायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगठा उठवणाऱ्या, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. थंडीचे दिवस होते. त्या काळी बेडपॅन पत्र्याचे, इनॅमल चढवलेले. रात्री दोन-तीनला ते इतके गार पडायचे की हात लावला तरी शहारा यायचा. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कुणी पेशंटनं भांडं मागितलं की या बाई आधी न्हाणीत जायच्या. तिथे चुलाण्यावर गरम पाण्याचं पातेलं असायचं. तांब्याभर पाणी त्या भांड्याच्या कडेवरून फिरवायच्या, मग कोरड्या फडक्यानं कड पुसायच्या, आणि भांडं पदराआड धरून खाटेशी न्यायच्या. रात्रीत पंधरा-वीस वेळा. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, ड्यूटीच्या कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं, मेट्रनला तर पत्ताही नव्हता.

एका रात्री मांडीचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, 'बाई, तुम्ही हे कशापायी करता?' मी पलीकडे ड्रेसिंगचा ट्रे लावत होते. मनात म्हटलं, आता बाई येशूचं नाव घेणार. बाई म्हणाल्या, 'गार लागतंय ना, बाबा.' आणि पडदा ओढून बाहेर आल्या.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, केवढी संधी घालवली! आज तसं वाटत नाही. दुसऱ्याला गार लागतंय हे आपल्या अंगाला कळावं, आणि कळल्यावर पाय न्हाणीकडे वळावेत, याच्यासाठीच तर आपण दर रविवारी मंदिरात जाऊन बसतो. त्या बाई वॉर्डात यायच्या आधी दाराबाहेर डोळे मिटून क्षणभर उभ्या राहायच्या. काय बोलत असतील ते त्यांना आणि देवाला ठाऊक. तिथून मिळालेलं त्या आत येऊन पाण्याच्या तांब्यानं वाटायच्या. तू विचारतेस, श्रद्धा की स्वभाव. अगं, आत्म्याचं फळ म्हणून प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात जी यादी दिली, त्यात ममता आहे, चांगुलपणा आहे, सौम्यता आहे. फळ झाडाला लागतं तेव्हा ते झाडाचा स्वभाव होऊनच लागतं. ते मुळात कुणी लावलं, हा हिशेब पेरुवाला करत बसत नाही.

आता साक्षीबद्दल. साक्ष द्यायची असते, त्याबद्दल माझं दुमत नाही. मी स्वतः दिली आहे. पण पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ते कसं सांगितलंय ते बहिणींना वाचून दाखव. तुमच्या आशेचं कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं व आदरानं द्या. विचारील त्याला. काकूंनी तुला काही विचारलं नव्हतं. त्यांचा नवरा दवाखान्यात, पोरं घरी एकटी, आणि हातात तुझा डबा. अशा माणसाला 'नको' म्हणता येत नाही. हे मी दवाखान्यात शिकले. खाटेवर पडलेला माणूस आपल्या उपकाराखाली इतका दबलेला असतो की त्याच्या उशाशी उभं राहून आपण काहीही म्हटलं तरी तो मान हलवतो. त्या हलवलेल्या मानेला होकार समजणं हा त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेणं आहे. डब्याखाली पत्रक सरकवणं, न विचारता डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करणं, 'आमच्या सभेला आलात तर बरे व्हाल' म्हणणं, यातलं एकही तू केलं नाहीस, ते बरोबर केलंस. प्रार्थना करायची असेल तर तुझ्या घरात, दार लावून, काकांचं नाव घेऊन रोज कर. तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि कुणी खरंच विचारलं, 'तुम्ही एवढं का करता?', तर लाजूही नकोस. 'आमच्या घरात लहानपणापासून हेच शिकवलंय, आणि माझा येशूवर विश्वास आहे', एवढं सरळ सांग आणि थांब. पुढचं त्यांनी विचारलं तर पुढचं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट प्रभूनं सांगितली ती शास्त्र्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. माझा शेजारी कोण? यहूदी आणि शोमरोनी यांच्यात देणं-घेणं नव्हतं, हे तुला माहीत आहे. त्या शोमरोन्यानं वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. कुणाचं मंदिर खरं, शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं की यहूद्यांचं यरुशलेममधलं, हा केवढा जुना वाद होता! त्या रात्री तो निघाला नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं, हे आपल्याकडे उपदेशात फारसं येत नाही. त्यानं उतारशाळेच्या मालकाच्या हातात दोन दिनार ठेवले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. जास्त लागलं तर परतताना देतो म्हणाला, आणि आपल्या वाटेनं गेला. त्याचा प्रवास होता, त्याची कामं होती. त्यानं जखमी माणसाला जन्मभराचा सोबती केलं नाही, की घरी नेऊन स्वतःला मोडून घेतलं नाही. दुसऱ्याच्या हाती काम सोपवलं, पैसे मोजून दिले. नोकरी, दहावीचं पोर आणि खाटेवरची सासू सांभाळून रोज रात्री दुसऱ्या घराचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं हे नीट वाचावं.

ग्रुपवरच्या संदेशाबद्दल तुझं मन दुखलं, ते दुखणारच. चार दिवस पदर खोचून उभं राहायचं आणि पाचव्या दिवशी ते ऐकायचं. पण हा संशय काल जन्माला आलेला नाही, आणि तो सगळाच दुष्टपणातून येतो असंही मी म्हणणार नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं. विधवा मुलींना शिकवण्यासाठी. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला की तिथे मुलींना ख्रिस्ती केलं जातंय. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीत प्रार्थना करताना दार लावूनही घेणार नाही. त्यांचं बरोबर की पुणेकरांचं, यावर आजही लोक वाद घालतात. मला त्यातलं एकच इथे सांगायचंय. तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा याच बाईनं, पुण्याचे टोमणे पदरात असताना, तिकडे जाऊन शेकडो भुकेल्या मुली-बायका आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावला त्यांची सोय केली. मुक्ती मिशन आजही तिथे उभं आहे.

आणि आपल्या बाजूचंही पदरात घेऊ या. मदतीला अटी जोडणारे, पोत्याबरोबर पत्रक देणारे, कुणाच्या घरच्या आजारपणाकडे 'दार उघडलं' म्हणून बघणारे लोक आपल्यात होते, आहेत. त्यांचं कर्ज तुझ्या डब्याच्या नावावर चढलं. ते फेडायला ग्रुपवर लांबलचक खुलासा लिहून उपयोग नाही, म्हणून तिथे एक अक्षर लिहू नकोस. 'आमचा तसा हेतू नव्हता' हेही नको. तू सोसायटीत आणखी वीस वर्षं राहणार आहेस. पाण्याचा टँकर येईल, लिफ्ट बंद पडेल, कुणाचं मूल शाळेतून लवकर येईल आणि घराला कुलूप असेल. तेव्हा तू कशी असतेस, ते लोक बघतील. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत तो संदेश कुणाला आठवणारही नाही.

पण डबा थांबवलास, ते मात्र मला पटलं नाही. ज्यानं लिहिलं तो जेवत नव्हता. जेवत होती ती दोन पोरं. दहा कुष्ठरोग्यांना प्रभूनं बरं केलं, आभार मानायला एकटा परत आला, तोही शोमरोनी. 'बाकीचे नऊ कुठे आहेत?' असं प्रभूनं विचारलं. त्यालाही लागलं असेल, म्हणूनच विचारलं. पण नऊ जणांच्या अंगावरचा कुष्ठरोग त्यानं परत आणला नाही. ते बरे होऊन आपापल्या घरी गेले ते गेले.

तरी डबा देताना एक गोष्ट राहून गेली असेल, तर ती पुढच्या वेळी कर. आधी विचार. कदाचित काकूंच्या घरी कांदा-लसूण चालत नसेल. कदाचित मांस-मच्छी शिजणाऱ्या घरचं अन्न त्यांना जड जात असेल आणि त्या संकोचानं बोलल्या नसतील. यात आपला अपमान वाटून घ्यायचं काही नाही. तुझ्या माहेरच्याच जिल्ह्यातलं जामखेड घे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको १९७० मध्ये तिथे गेले. दोघंही वेल्लोरला शिकलेले, श्रद्धेनं ख्रिस्ती. हातात औषधं होती, शस्त्रक्रियेचं कौशल्य होतं. पण गावकऱ्यांशी बोलायला बसले तेव्हा लोकांची पहिली निकड निघाली अन्न आणि पाणी. दुष्काळाची वर्षं होती ती. म्हणून त्यांनी आधी मुलांच्या जेवणाची आणि पाण्याची कामं हाती घेतली. पुढे गावातल्याच बायका, कितीतरी जणी दलित, कितीतरी जणी अक्षरओळख नसलेल्या, आरोग्याचं काम शिकल्या आणि बाळंतपणं करू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं 'तुम्हाला काय हवंय' या प्रश्नापासून सुरू झालं. काकूंना कदाचित डब्याहून जास्त गरज असेल ती कुणीतरी रात्री दोन तास दवाखान्यात बसण्याची, म्हणजे त्यांना घरी येऊन अंघोळ करता येईल. किंवा विम्याचे कागद भरण्याची. तू पतसंस्थेत काम करतेस. अर्ज, पावत्या, झेरॉक्स यांच्या जंजाळात तुझ्याइतकी मदत मजल्यावर दुसरं कोण करणार?

आता सासूबाई. हे दुखणं तू शेवटी, हळू आवाजात लिहिलंस, म्हणजे तेच सगळ्यात खोल आहे.

समोरच्या दारी गोड आणि घरात तिखट, हे आपल्या सगळ्यांचं होतं. माझ्या आईला शेवटच्या वर्षात विसर पडू लागला होता. दिवसभर वॉर्डात अनोळखी माणसांचे पाय चेपून, तोंड पुसून मी घरी यायचे, आणि आईनं तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला की माझा आवाज चढायचा. एकदा ती म्हणाली, 'मी तुझी पेशंट असते तर बरं झालं असतं.' ती हे रागानं बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. मी ते अजून विसरले नाही, आणि विसरावं असंही वाटत नाही.

पौल तीमथ्याला लिहितो की लेकराबाळांनी आधी आपल्या घरातल्यांशी सुभक्तीनं वागायला शिकावं. शिकावं म्हणतो. म्हणजे ते आपोआप येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. घरात सोपं का जात नाही ते सांगते. समोर डबा दिला की काकूंचे डोळे भरून येतात. सासूबाईंना तिसरा चहा दिला तर कपभर चहाच प्यायला जातो, आणि तासाभरानं चौथा मागितला जातो. तिथे कुणी बघत नाही आणि काम संपत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूचं सांगणं पाळायला घरासारखी दुसरी जागा नाही.

रूथ आठव. तिचं नाव घेऊन आपल्याकडे सुनांना किती दटावलं गेलंय! मी दटावण्यासाठी घेत नाही. मला त्या गोष्टीतली एक बारीकशी गोष्ट फार आवडते. बवाजाच्या शेतात जेवायच्या वेळी त्यानं तिला भाजलेलं धान्य दिलं, आपल्याकडच्या हुरड्यासारखं. ती पोटभर जेवली आणि काही उरलं. संध्याकाळी सातू झोडून घरी गेली तेव्हा ते उरलेलं तिनं काढून नामीला, म्हणजे सासूला, दिलं. आधी ती स्वतः पोटभर जेवली होती, हे शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. तू कधी जेवतेस? सकाळी सहाला उठून, डबे करून, बसनं जाऊन, आठ तास आकडे बघून, परत स्वयंपाक, परत समोरचा डबा. त्यात तिसऱ्या चहाला खेकसणं झालं, तर त्यात पापाइतकाच थकवाही आहे. मी परिचारिका म्हणून सांगते, थकलेल्या बाईचा आवाज चढतोच.

म्हणून नवऱ्याशी बोल. आई त्यांची आहे. संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं औषध त्यांच्याकडे दे, आजपासून. 'मदत करा' म्हणू नकोस. 'हे तुमचं काम' म्हण. मुलगा दहावीत आहे म्हणून त्याला सगळ्यातून सोडू नकोस. आजीजवळ बसून त्यानं रोज दहा मिनिटं इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचला तर धडाही होईल आणि आजीला सोबतही. आणि एक जुनी युक्ती सांगते. म्हातारी माणसं तीन-तीनदा चहा मागतात तेव्हा पुष्कळदा त्यांना चहा नको असतो. दिवसभर खोलीत कुणी आलेलं नसतं. चहा मागितला की माणूस येतं. एकदा चहाचा कप न नेता रिकाम्या हातानं जाऊन त्यांच्या पलंगावर पाच मिनिटं बसून बघ. डोक्याला तेल लाव. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ बसून केस नीट विंचरता येत असतील असं मला वाटत नाही.

खेकसल्याबद्दल माफी मागितलीस का? मागितली नसशील तर माग. आपल्याकडे मोठ्यांनी पाया पडून घ्यायचं आणि धाकट्यांनी गप्प राहायचं, अशी सवय असते, त्यामुळे 'चुकलं माझं' हे शब्द घरात बाहेर पडत नाहीत. मंदिरात प्रभुभोजनाचा विधी असायचा, त्याच्या आदल्या रात्री आमच्या घरी वडील सगळ्यांना बोलावून एकमेकांची क्षमा मागायला लावायचे. लहान होतो तेव्हा आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, त्या रात्रींनीच आमचं घर टिकलं.

आता राहिला तुझा स्टीलचा डबा. महिना झाला, परत आला नाही, आणि पत्रात तू त्याचा उल्लेख केलास, म्हणजे तो तुझ्या डोक्यातून गेलेला नाही. तुला वाटतंय की काकूंनी तो बाजूला टाकलाय. मला वेगळं वाटतं. आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालून देतात. दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये त्या घरात काही करायला काकूंना सवडच झाली नसेल, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून तो ओट्यावर तसाच धुऊन पालथा घातलेला असेल. त्यात ग्रुपवरचा तो संदेश. त्यांनाही तुझ्याकडे बघायची लाज वाटत असेल.

म्हणून घेणंही शिक, मी तुला कळकळीनं सांगते. आपण ख्रिस्ती लोक द्यायला पुढे असतो, घ्यायला मागे. मी लहान होते तेव्हा शेजारच्या घरून दिवाळीचा फराळ यायचा आणि आमच्या घरी कुजबुज व्हायची, नैवेद्य दाखवलेला असेल का, खावा का नाही. तो फराळ पुष्कळदा तसाच राहायचा. नाताळात मात्र आमच्या करंज्या त्यांच्या घरी जायच्या आणि ते आवडीनं खायचे. आज त्याची फार खंत वाटते. करिंथकरांना पौलानं लिहिलं होतं की कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात वाढतील ते चौकशी न करता खा. तिथल्या बाजारातलं मांस कुठल्या देवळातून आलंय हा प्रश्न तेव्हाही होताच, आणि कुणी मुद्दाम सांगितलंच तर त्याच्या विवेकासाठी थांबा, असंही पौल म्हणतो. पण ज्या घरानं प्रेमानं चकली पाठवली, त्या घराला उलटतपासणी घ्यायची नसते. जे नुसतं देतात आणि कधीच घेत नाहीत, त्यांच्याबद्दल लोकांना संशय येणं साहजिक आहे. प्रभूनं स्वतः विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणं सुरू केलं ते पाणी मागून.

तेव्हा या शनिवारी संध्याकाळी काकूंचं दार वाजव. हातात काही नेऊ नकोस. 'काका कसे आहेत?' विचार, आणि म्हण, 'माझा डबा राहिलाय, न्यायला आले.' त्या आत बोलावतील. बस. चहा विचारतील, हो म्हण. डबा रिकामा दिला तर तसाच घे आणि सोमवारी काय हवं ते विचारून घे. त्यात काही घालून दिलं, मूठभर शेंगदाणे का असेनात, तर घरी आणेपर्यंत थांबू नकोस. तिथेच झाकण उघड, दोन दाणे तोंडात टाक, आणि उरलेले सासूबाईंना नेऊन दे.